तीन पुड्या आणि एक मूठ

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशीच्या पऱ्हाटीची बोंडे आतून पोखरली, त्याच वर्षी हैदरची छातीही आतून पोकळ झाली, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वावरात घडल्या.

हैदर हा फवारणी करणारा माणूस. धामणगाव बढ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात स्वतःची जमीन नसलेली घरे पुष्कळ होती. परंतु पाठीवर पंप घेतल्यावर हैदरसारखी सरळ चाल दुसऱ्या कोणाची नव्हती, हे जमीनवालेसुद्धा कबूल करीत. बियाण्याच्या पिशवीवर अळी लागणार नाही असे छापलेले होते. अळी लागली. औषधाच्या बाटलीवर एका पंपाला किती झाकणे टाकावी हे छापलेले होते. तितकी टाकली, अळी मेली नाही. मग लोकांनी दोन झाकणे सांगितली, मग तीन, मग दोन बाटल्यांचे मिश्रण. छापील मापाने काही होत नसते, हे त्या हंगामात साऱ्या गावाच्या अंगवळणी पडले, आणि हैदरच्या तर हातातच उतरले. लिहिलेल्या मापावर तो आपल्या मनाने थोडे वाढवी. ते वाढवणे हेच खरे कसब, असे त्यास वाटू लागले होते.

भाद्रपदाच्या अखेरीस संघपालच्या वावरात, डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत, तो कोसळला. वारा उलटा फिरला होता आणि सदरा औषधाने चिंब झाला होता. संघपालची आई तानुबाई त्या वेळी बांधावर गवत कापीत होती. ती स्वतः दमेकरी बाई. दहा पावले भराभर चालली तरी तिच्या छातीत सूर वाजत. तिने विळा टाकला, पऱ्हाटीत शिरून हैदरचा सदरा फाडून काढला, संघपालला हाका मारून त्याला विहिरीवर नेवविले, आपल्या हाताने साबण लावून धुतले, आणि बुलढाण्यापर्यंत जीपमध्ये त्याचे डोके मांडीवर धरून बसली. अकरा दिवसांनी तो घरी आला. जीव राहिला, पण श्वास आखूड झाला, दुपारच्या गोळ्या मागे लागल्या, आणि नाकाला वास येणे पार बंद झाले. घरात फोडणी करपली तरी त्याला कळत नसे. पंप भिंतीच्या खुंटीला उलटा टांगला गेला, आणि त्याच्याच शेजारी उरलेल्या औषधांची एक पिशवीही.

त्यानंतरचे घर सायराने चालवले.

सायरा ही त्याची बायको; बोलायला कमी आणि हाताला जलद. तिने आणि तिची विधवा नणंद मुबीना हिने गल्लीतल्या आणखी दोघींना धरून बचत गट काढला, आणि बुलढाण्याला जाऊन पाच दिवस फळांचे पदार्थ करण्याचे शिक्षण घेतले. तेथे शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असे लांबलचक नाव लिहिले. बायकांनी त्याला टिकाऊ पूड असे सोपे नाव दिले. साखरेसारखी पांढरी ती पूड रसात पडली म्हणजे रस महिनोन्महिने आंबत नाही, काळा पडत नाही. मात्र, मॅडम म्हणाल्या, हे काही मीठ नव्हे की चवीप्रमाणे घालावे. दहा लिटरला सहा ग्रॅम, त्याहून कणभर जास्त नाही. आणि ज्याला दमा आहे त्याच्या पोटात ही जास्त गेली तर त्याचा श्वास अडकतो.

सहा ग्रॅम मोजेल असा काटा घरात कोठला? तेव्हा सायरा पुडीचे पाकीट घेऊन धामणगावला सराफाच्या दुकानी गेली. तो आधी हसला. नंतर त्याने सोन्याच्या काट्यावर सहा-सहा ग्रॅम तोलून कागदाच्या पुड्या बांधून दिल्या. एक पुडी म्हणजे दहा लिटर, असा तिचा हिशेब बसला.

तरीही पहिल्याच खेपेला फजिती झाली. बुलढाण्याला बचत गटांचे प्रदर्शन होते. टेबलावर कैरीच्या पन्ह्याच्या बाटल्या रांगेने मांडलेल्या, हैदर मागे खोक्यावर बसलेला. एक साहेब येऊन उभे राहिले न राहिले तोच पहिल्या बाटलीचे झाकण उडाले आणि फेस त्यांच्या सदऱ्यावर गेला. पाठोपाठ दुसरी उडाली. गर्दीतून कोणी विचारले की हे सरबत आहे की ताडी, आणि मग हशा थांबेना. सायराने पदराने टेबल पुसले, साहेबांपुढे हात जोडले, पुन्हा टेबल पुसले. जे पुसून झाले होते तेच ती पुसत राहिली. ते पाहताना हैदरच्या मनाने एकच निष्कर्ष काढला. येथेही छापील मापाने भागलेले नाही.

वैशाखात संघपालच्या मुलीचे, सारिकाचे, लग्न निघाले. वऱ्हाडाला थंड म्हणून बाटलीबंद पेय आणावे असा संघपालच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईचा, विचार होता, आणि प्रदर्शनातला तो किस्सा तिच्या कानावर आलेलाच होता. परंतु तानुबाईने खाटेवरूनच निकाल दिला, "पन्हं सायराच्याच हातचं येईन. झाकण उडालं तर उडू द्या, लगनात फटाके लागतातच."

अशा रीतीने चाळीस बाटल्यांचे काम घरात आले. हे काम नीट उतरले तर साऱ्या पंचक्रोशीच्या लग्नांत सायराचे नाव जाईल आणि पुन्हा फेस उडाला तर गट मोडेल, हे घरातल्या सर्वांना न बोलता ठाऊक होते.

नेमक्या त्याच आठवड्यात वादळ झाले आणि कैऱ्यांचा सडा पडला. तीन पोती भरून कैऱ्या अंगणात आल्या. रमजानचा महिना चालू होता; सायरा आणि मुबीना रोजा धरून, तोंडात पाण्याचा थेंब नसताना, सकाळपासून कैऱ्या सोलीत बसल्या. चिकाने त्यांची बोटे काळी पडली, नखांच्या कडा चिरल्या. बेचाळीस अंशांच्या उन्हात चूल धगधगत होती. गर शिजवणे, चाळणीतून घासणे, साखरेचा पाक करणे, जिरे-वेलची कुटणे. दोन दिवस त्यांची पाठ भिंतीला टेकली नाही. हैदर गोळ्यांमुळे रोजा धरू शकत नव्हता. बायका उपाशी आणि आपण घोटभर पाण्याला मोकळे, या संकोचाने तो माठाकडे जाताना सुद्धा त्यांची नजर चुकवी.

एक अडचण मात्र होती. रोज्यात घोट गिळून चाखायचे कोणी? एरवी हे काम गटातल्या कलाबाईकडे होते. तिला रोजा नव्हता आणि तिची जीभही तिखट होती. पण ती बहिणीच्या दुखण्यापायी पिंपळगाव राजाला गेलेली. सायराने पळीभर पन्हे वाटीत घेऊन हैदरपुढे धरले.

"पाहा बरं, मलिहाचे अब्बा. साखर बसली का?" तिने विचारले. मलिहा ही त्यांची लहान मुलगी, म्हणून त्याला त्या घरात तेच नाव होते.

हैदरने घोट घेतला. नाक गेल्यापासून त्याच्या जिभेला गोड म्हणजे नुसते गोड आणि आंबट म्हणजे नुसते आंबट कळे. मधले सगळे हरवलेले होते. तो म्हणाला, "बसली."

तीस लिटरचे पातेले होते. सायराने तीन पुड्या कोमट पाण्यात विरघळवल्या, पन्ह्यात ओतल्या, वरून पांढरे फडके बांधले, आणि दुपारच्या, जोहरच्या नमाजाची वेळ झाली म्हणून दोघी घरात गेल्या.

हैदर अंगणात एकटा राहिला. त्याने फडके उचलून पाहिले. तीस लिटरचे ते पातेले आणि त्यात बोटभर लांबीच्या तीन पुड्या! त्याच्या डोळ्यांपुढे ते टेबल आले, तो फेस, आणि पुसलेले पुन्हा पुसणारा सायराचा हात. पुडीचे मोठे पाकीट ओसरीतल्या फळीवर होते. त्याने ते उघडले, आत हात घातला आणि एक मूठ भरून घेतली. डोळ्यांना पाणी आले. उन्हाने असेल असे म्हणून त्याने ते बाहीने टिपले. वास त्याला आलाच नाही. मूठ पातेल्यावर उघडून त्याने लाकडी पळीने तळापासून ढवळले, पाकीट होते तसे घडी घालून ठेवले, फडके बांधले. पंपात झाकण वाढवताना हाताला जे समाधान वाटे तेच त्याला त्या क्षणी वाटले.

बाटल्या भरल्या तेव्हा पन्ह्याचा रंग असा स्वच्छ, फिकट आणि चकचकीत उतरला की मुबीना हात थांबवून बघत राहिली. ती म्हणाली की या खेपेला कैरीच चांगली आली. सायरानेही एक बाटली उन्हाकडे धरली. रोज्याच्या अखेरच्या प्रहरात तिचे नाक कोरडे पडलेले आणि डोके गरगरत होते. वास तीव्र आहे असे तिला वाटले खरे, पण दोन दिवस चुलीच्या धुरात बसलेल्या माणसाला कशाचा वास तीव्र वाटत नाही? सायंकाळपूर्वीच संघपाल हातगाडी घेऊन आला आणि त्याने चाळीसच्या चाळीस बाटल्या नेल्या. पातेल्याच्या तळाचे अर्धी बाटली पन्हे मात्र घरी उरले.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. खजूर तोंडात टाकून सायराने माठाचे पाणी घालून ते उरलेले पन्हे तिघांना दिले. मुबीनाने पहिला घोट घेतला आणि ती खोकू लागली. सायराने पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"काडी पेटवल्यावानी वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

हैदरने तोवर अर्धा पेला संपवला होता. थोड्या वेळाने त्याच्या गळ्याखाली कोणी दोरी ओढावी तसे झाले. श्वास आत जाई, पण बाहेर येताना शिट्टी वाजे. हा सूर त्याने आधी ऐकलेला होता. जीपमध्ये डोके मांडीवर असताना तानुबाईच्या छातीत तो वाजत होता.

सायरा स्वतःशीच बोलावे तशी बोलत होती. तळाचे उरलेले आहे, पुडीचा गाळ तेवढा खाली बसला असेल. मॅडमनी सांगितले होते की जास्त झाले तर दमेकऱ्याचा श्वास अडकतो. पण आपण तर तीनच पुड्या टाकल्या, मोजून. हे म्हणताना तिने हैदरकडे पाहिले. संशयाने नव्हे, धीरासाठी. आणि तोच क्षण होता, ज्या क्षणी त्याने बोलायला हवे होते.

तो बोलला नाही. बोललो तर ही आत्ताच्या आत्ता उठून संघपालकडे जाईल, असे त्याला वाटले. उद्या लग्न, आणि आज चाळीस बाटल्या परत! प्रदर्शनातले हसणे कोणी विसरले असेल तर तेही पुन्हा आठवतील. शिवाय एका बाटलीत चार बाटल्या पाणी पडायचेच आहे. पाण्याने सगळे पातळ होते. त्याने आपल्या मनाची अशी समजूत घातली. ती समजूत उजाडेपर्यंतसुद्धा टिकली नाही.

सकाळी नऊ वाजताच तो मांडवात जाऊन उभा राहिला. निळे-पांढरे कापड लावलेला मांडव, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या मांडून ठेवलेल्या. लग्न साडेअकराला होते. परगावची माणसे येऊ लागली होती. एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिंपापाशी कडूबा बसला होता. गावातल्या प्रत्येक कार्यात पाणी वाढण्याचा मान त्याचा असे आणि जिभेला हाड नसे.

"ये बे हैदर," कडूबा म्हणाला. "बाटलीवर लिवलं एकाले चार. तू त मोठा डोसवाला माणूस. सांग, चारच टाकू का?"

"दहा टाक," हैदर म्हणाला.

"दहा? पाव्हण्याइले पाजाचं हाय का ढोराइले?"

"ऊन लय हाय. घट्ट पन्हं बाधते. दहा टाक."

कडूबाने खांदे उडवले आणि दहा टाकले. पहिली पंगत पिऊन गेली. हैदर एकेकाचे तोंड बघत होता. कोणी खोकले नाही. कोणी तक्रार केली ती निराळीच. पिंपळगावचा एक पाहुणा पेला उलटा करून म्हणाला की कैरी नुसती पाण्याला दाखवून आणलेली दिसते. दुसऱ्याने पुस्ती जोडली, बायांनी मागे ताडी केली, यंदा तीर्थ केले. लोक हसले, आणि आपल्या बायकोची थट्टा ऐकून हैदरला हायसे वाटले. आयुष्यात असा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच येत होता, आणि त्या हायसे वाटण्याची त्याला तत्काळ लाजही वाटली.

पण थट्टा आतपर्यंत पोचली. अन्नपूर्णाबाई पदर खोचून बाहेर आली. तिने पिंपात डोकावले, चाखले, आणि कडूबाला विचारले की माझ्या पोरीच्या लग्नात कंजुषी करायचा हुकूम तुला कोणी दिला. कडूबाने बोट हैदरकडे केले. अन्नपूर्णाबाईने हैदरकडे असे पाहिले की त्याची मान खाली गेली. तिने चार बाटल्या उघडून पिंपात रिकाम्या केल्या. पाचवी उघडली आणि स्टीलच्या गिलासात अर्धी ओतून वर थोडेसे पाणी घातले.

"बुढीले घट्टच लागते," ती म्हणाली. "सकाळपासून तिच्या पोटात काही नाई." आणि गिलास घेऊन ती घरात गेली.

हैदर मागे धावला असे म्हणता येणार नाही; धावण्याइतका श्वास त्याच्यापाशी नव्हता. तो मांडवाच्या खांबाला धरत, खुर्च्यांना धरत दारापर्यंत पोचला. आतल्या खोलीत तानुबाई पांढरे लुगडे नेसून खाटेवर बसली होती. शेजारी तिची कापडी पिशवी, तिच्यात तिचे दम्याचे, तोंडात फवारायचे औषध. गिलास तिच्या हातात गेलेला होता.

"ये हैदर, बस," ती म्हणाली. "तुह्या बायकोच्या हातचं हाय. आधी मलेच दे म्हटलं सूनबाईले."

त्याने तोंड उघडले. जिथून शब्द निघायचा तिथून नुसती हवा निघाली. तानुबाईने गिलास तोंडाला लावला आणि तहानेल्या माणसासारखे दोन मोठे घोट घेतले.

"माय, ठेव तो गिलास," हैदर म्हणाला. "म्या पूड जास्त टाकली त्याच्यात."

गिलास खाली ठेवण्याआधीच तिला खोकला आला. एक, दोन, मग न थांबणारा. तिचे डोळे वटारले, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ झाल्या. अन्नपूर्णाबाईने पिशवी उलटी केली, औषध सापडले, तिने ते सासूच्या तोंडात धरून दाबले. दारात माणसे जमली. त्यांना बाजूला करीत संघपाल आला आणि त्याने हैदरचा सदरा गळ्यापाशी धरला. हा तोच माणूस, ज्याने त्याला विहिरीपर्यंत उचलून नेले होते.

"कोणती पूड?" संघपालने विचारले.

"टिकवाची. पन्ह्यातली."

"पंपातली त नाई?"

"नाई, संघपाल. मलिहाची शपथ."

"तुह्या घरात दोन्ही हाय. अन् तुले वास येत नाई." संघपाल हळू बोलला, म्हणूनच ते सर्वांना ऐकू गेले. "तुले कसं कळलं, हात कोणत्या पिशवीत गेला ते?"

त्या क्षणी हैदरला स्वतःलाच ते खात्रीने सांगता येईना. फळी एका भिंतीला, खुंटी दुसऱ्या. हात फळीवर गेला होता हे त्याला पक्के आठवत होते. परंतु माणसाने एकदा असे विचारले म्हणजे आठवणसुद्धा डळमळते. मांडवात कुजबुज वाढली. बाहेर कोणी प्यालेले ओकून टाकण्यासाठी घशात बोटे घालू लागले. एका बाईने आपल्या पोराला उचलून उलटे धरले.

बायांच्या बैठकीतून सायरा आली, मागे मुबीना. लग्नाला म्हणून ती धुतलेली हिरवी साडी नेसून आलेली होती. तिला वाटेतच सगळे समजले होते. तिने नवऱ्याला एकच विचारले, "किती?"

"एक मूठ," हैदर म्हणाला.

सायराने खाली ठेवलेला गिलास उचलला. मुबीनाने तिचे मनगट धरले. "भाभी, रोजा हाय तुहा. जिभेले लाव अन् थुंकून दे, तेवढं चालते."

सायराने दारातल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. जिभेला लावून थुंकले असते तर रोजा राहिला असता. पण तिचे थुंकणे पाहून या माणसांना काय वाटले असते, तेही तिला दिसत होते. ज्या बाईने स्वतः केलेले तोंडातून टाकले, तिचे पन्हे विषारी नव्हे असे कोणत्या तोंडाने कोणी म्हणावे? तिने मनगट सोडवून घेतले, गिलास लावला आणि सर्वांच्या देखत तीन घोट गिळले.

तिलाही ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आले. तिने भिंतीला हात टेकला. सर्वजण तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ठसका ओसरल्यावर ती म्हणाली,

"जहर नाई. टिकवाचीच पूड हाय. पण चौपट हाय, घसा धरते. कोणी पेऊ नका. बाटल्या आमी वापस नेतो."

संघपालचा हात सैल झाला. तानुबाईच्या छातीतला सूर दुसऱ्यांदा औषध घेतल्यावर उतरणीला लागला. अर्ध्या घटकेने ती उशीला टेकून बसली आणि तिने हैदरला हाताने जवळ बोलावले. तो खाटेपाशी जमिनीवर बसला. बोलायला तिला तीन-तीन शब्दांनी थांबावे लागत होते.

"पंप त तू... खाली ठेवला, बापू," ती म्हणाली. "पण हात अजून... पंपाचाच हाय तुहा."

लग्न ठरल्या वेळी लागले. वऱ्हाडाला गूळ आणि पाणी दिले गेले. तानुबाई खुर्चीवर बसून नातीच्या डोक्यावर फुले टाकू शकली. हैदर, सायरा आणि मुबीना मात्र ते पाहायला नव्हते. ते उरलेल्या बाटल्या हातगाडीवर घालून भर उन्हात घराकडे निघाले होते. खडबडीत रस्त्यावर बाटल्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या आणि घराघरांतून लोक डोकावत होते.

विहिरीच्या वळणावर मुबीना थांबली.

"भाभी, एक सांगू का," ती म्हणाली. "पहिल्या खेपेले... तुह्या मागं म्या पुडी टाकलीच नाई. वास पाहून मले वाटलं, हे कायले लोकाइच्या पोटात घालाचं. म्हणून वाचवली."

सायरा गाडीचा दांडा धरून उभी राहिली. हैदरही. म्हणजे बाटल्या फसफसल्या त्या पुडी कमी पडली म्हणून नव्हे. त्यांत पुडी नव्हतीच. सराफाचा काटा बरोबर होता, मॅडम बरोबर होत्या, छापलेले बरोबर होते. जे माप बरोबर होते त्यावर घरातल्या दोन माणसांनी, एकाने भीतीने आणि एकीने कीव येऊन, विश्वास ठेवला नव्हता. सायराने गाडी पुढे ढकलली.

रोजा मोडला होता, तरी तिने सूर्य मावळेपर्यंत पाण्याला हात लावला नाही. मुबीना रडकुंडीला येऊन म्हणाली की मौलानांना विचारावे लागेल, जाणूनबुजून मोडलेल्याचे साठ रोजे भरून द्यावे लागतात म्हणे. सायरा म्हणाली की विचारीन. आणि साठ तर साठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदर घरातून निघाला. आधी त्याने खुंटीवरची औषधांची पिशवी काढून, गावाबाहेर खोल खड्डा करून पुरली. मग हात राखेने तीनदा धुऊन, टिकाऊ पुडीचे पाकीट घेऊन तो धामणगावला सराफाकडे गेला. सराफाच्या देखत त्याने तशीच एक मूठ भरली आणि काट्यावर उघडली. पारडे खाली बसले. सराफ हसून म्हणाला, हे सोने असते तर तुझे घर झाले असते. बावन्न ग्रॅम. नंतर हैदरने सहा ग्रॅमची एक पुडी तोलून दाखवायला सांगितली. पारड्याच्या मध्यावर ती एवढीशी सांडलेली पाहून त्याने विचारले, "एवढीच?"

"एवढीच," सराफ म्हणाला.

घरी सायराने बावन्न हा आकडा ऐकला आणि बोटांवर गणित मांडले. बाटल्यांतले पन्हे मापावर आणायचे तर त्याच्या तिप्पट नवे पन्हे करून, त्यात पूड न टाकता, हे त्यात मिसळावे लागणार होते. कैऱ्यांची आणखी नऊ पोती. कलाबाईला निरोप गेला होता. ती आल्याशिवाय एकही बाटली भरायची नव्हती. हैदरने सोलाणे घेतले आणि पहिल्या पोत्याशी बसला. चीक त्याच्या तळव्यातल्या जुन्या घट्ट्यांत शिरून झोंबू लागला.

पाचव्या दिवशी पन्हे तयार झाले. कलाबाईने चाखले, तोंड वाकडे केले, पुन्हा चाखले आणि जिरे थोडे कमी आहे एवढेच म्हणाली. सायराने कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन हैदरपुढे ठेवले. घरात मराठी सुवाच्य लिहिणारा तोच होता, सातवीपर्यंत शिकलेला.

"लिवा," ती म्हणाली. "दमा असणाऱ्यांनी पिऊ नये. परतेक बाटलीवर."

"छापलेलं कोणी वाचत नाई, सायरा," हैदर म्हणाला. "म्या वाचलं होतं का कधी?"

"म्हणून त हातानं लिवा म्हणते."

पहिली चिठ्ठी त्याने लिहिली. अक्षर वाकडे आले होते, म्हणून ती बाजूला ठेवून त्याने दुसरी घेतली. शिरोरेघ सरळ यावी यासाठी त्याने डाव्या हाताने उजवे मनगट धरले, श्वास रोखला, आणि 'दमा' हा शब्द इतका मोठा लिहिला की पुढच्या शब्दांना चिठ्ठीवर जागा थोडी अपुरी पडली. सायराने ती चिठ्ठी उचलून पाहिली, आणि गोंद लावून पहिल्या बाटलीवर चिकटवली. ती बाटली तिने पिशवीत वेगळी ठेवली. तिला मुबीनाबरोबर ती संघपालच्या घरी, तानुबाईला नुसती दाखवायला, न्यायची होती.